दुकाने बंद होण्याआधी: जर्मनीत शिकताना नाताळ कसा अनुभवावा

विदर्भातल्या खेड्यातून जर्मनीला शिकायला गेलेला विद्यार्थी पहिल्या नाताळाला एक चूक हमखास करतो, ती म्हणजे तो पंचवीस डिसेंबरची वाट पाहत बसतो. गणपतीच्या किंवा शारदादेवीच्या विसर्जनाला शेवटच्या दिवशी सगळे गाव रस्त्यावर येते आणि सणाचा कळस उघड्यावर होतो, हे लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे, नाताळ हाच ज्या देशाचा सर्वांत मोठा सण आहे तेथे त्या दिवशी केवढी गर्दी उसळत असेल, असे वाटणे साहजिक आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावातून गेलो होतो आणि माझ्या पहिल्या पंचवीस डिसेंबरला सकाळी अकरा वाजता, स्वेटरवर जाकीट चढवून, फोटो काढण्यासाठी मोठ्या उत्साहाने बाहेर पडलो. रस्त्यावर कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आजीबाई होत्या. बाकी चिटपाखरू नव्हते. नाताळ बाजारातली लाकडी दुकाने कुलूपबंद होती, किराण्याची दुकाने बंद होती, विद्यापीठाचे भोजनगृह तर आधीच सुट्टीवर गेले होते. आणि खोलीवर परतल्यावर लक्षात आले की जवळ फक्त तांदूळ, मीठ आणि घरून आणलेले लिंबाचे लोणचे आहे. ते दोन दिवस पुरवावे लागले.

जर्मनीत नाताळ एक नसून दोन आहेत, असे समजून चालावे. पहिला नाताळ नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होऊन चोवीस डिसेंबरच्या दुपारी संपतो. तो चौकात, बाजारात, विद्यापीठाच्या आवारात असतो आणि कोणालाही खुला असतो. दुसरा चोवीसच्या संध्याकाळी सुरू होतो आणि घराच्या दाराआड होतो, जसे आपल्याकडे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान घरातच होते आणि त्यासाठी कोणी चौकात जमत नाही. पहिल्यासाठी पाय पुरतात. दुसऱ्यासाठी बोलावणे लागते. विद्यार्थ्याची सगळी तयारी या फरकावर बेतलेली असावी.

गाव सोडण्यापूर्वीच थोडी तयारी करता येते. नाताळ हा आपल्याला अगदी परका सण आहे, ही समजूत आधी दूर करावी. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगिजांकडून मराठीत येऊन रुळलेला आहे. नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपुरात काम करत होते. वाशिमचे मिशन हॉस्पिटल आसपासच्या खेड्यांना ठाऊक आहे. आणि आज पुण्यात असलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पर्यंत यवतमाळला होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रचलेली मराठी ख्रिस्ती भजने आपल्याकडच्या चर्चमध्ये आजही म्हटली जातात. जाण्याच्या आदल्या वर्षी जवळच्या गावातल्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेला जाऊन यावे, आणि एखाद्या ओळखीच्या ख्रिस्ती घरी त्या दिवशी करंज्या-चकल्यांचे ताट समोर आले तर संकोच करू नये. उपासनेत केव्हा उभे राहायचे, केव्हा बसायचे, कोणत्या वेळी गप्प राहायचे, हे मराठीत एकदा पाहून ठेवले की जर्मन भाषेत गोंधळ होत नाही.

बॅगेत पाच-सहा लहान, हलक्या भेटवस्तू असाव्यात. वर्ध्याकडचे खादीचे रुमाल किंवा मेळघाटातल्या बांबूच्या लहान वस्तू उत्तम, कारण त्यांच्यामागे सांगण्यासारखे काही असते आणि वजनही फारसे नसते. आई प्रेमाने तूप, पेढे किंवा खवा बांधून देईल, पण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ सामानात किंवा पार्सलने आणण्यास मनाई आहे. सीमाशुल्क तपासणीत ते काढून घेतले जातात. वरूड-मोर्शीची संत्रीही राहू द्यावीत, कारण त्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. घरचा मसाला मात्र आठवणीने न्यावा.

पंचवीस डिसेंबरच्या आधीच्या चार रविवारांना धरून जो काळ येतो त्याला आडव्हेंट म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो आणि त्या दिवशी टेबलावरच्या हिरव्या डहाळ्यांच्या कड्यातली पहिली मेणबत्ती लावतात. पुढच्या प्रत्येक रविवारी एक-एक वाढत जाते. या कड्याचा जन्म हॅम्बुर्गमधला. गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिनरिश विखेर्न यांना मुले सारखी विचारत, अजून किती दिवस राहिले. तेव्हा त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवून मुलांना दिवस मोजायला दिले. दिवस मोजण्याचे दुसरे साधन म्हणजे चोवीस खिडक्यांचे पुठ्ठ्याचे कॅलेंडर, ज्याची रोज एक खिडकी उघडायची आणि आतला खाऊ काढायचा. ज्यांच्या बहिणींनी भुलाबाईची गाणी म्हणून झाल्यावर झाकलेली खिरापत ओळखायला लावली असेल, त्यांना या खेळाची गोडी वेगळी समजवावी लागणार नाही. ही कॅलेंडरे किराण्याच्या दुकानात अगदी स्वस्तही मिळतात. वसतिगृहात एका मजल्यावर आठ-दहा जण राहत असतील तर सर्वांनी मिळून एक करावे: चोवीस लहान पुड्या दोरीवर टांगाव्यात, प्रत्येकाने दोन-तीन भराव्यात आणि रोज एकाने एक उघडावी. मजल्यावरच्या ज्या मुलांशी ऑक्टोबरपासून फक्त मान हलवण्यापुरती ओळख होती, त्यांच्याशी मी पहिल्यांदा नीट बोललो ते या दोरीखाली, आणि एका पुडीतले तिळाचे लाडू कशाचे आहेत हे सांगता सांगता माझे जर्मनही सुधारले.

पाच डिसेंबरच्या रात्री स्वच्छ पुसलेला बूट दाराबाहेर ठेवावा. सहा तारीख संत निकोलसची असते आणि सकाळी मुलांच्या बुटात अक्रोड, चॉकलेट आणि संत्र्याच्या जातीचे लहान फळ सापडते. मोठ्यांच्या वसतिगृहातही हा खेळ चालतो. ज्या मुलाच्या घरी संत्र्याचे ढीगच्या ढीग ट्रकमध्ये भरले जातात त्याला बुटातले एक फळ पाहून हसू येईल. पण त्या थंड देशात हिवाळ्यातले संत्रे दुरून येत असे आणि फार अपूर्वाईचे होते, हे ध्यानात घेतले की त्या एका फळाचा मान कळतो.

आता बाजाराविषयी, कारण विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा खरा नाताळ तोच. ड्रेस्डेनच्या नाताळ बाजाराची नोंद १४३४ पासून आहे. न्यूरेंबर्गचा बाजार आडव्हेंटच्या पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि चर्चच्या सज्जातून सोनेरी वेशातली एक तरुणी त्याची घोषणा करते. सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा बाजार १५७० पासूनचा. हे बाजार पाहावेत, परंतु शनिवारी संध्याकाळी मुळीच जाऊ नये, कारण खांद्याला खांदा लागतो आणि दिसत काहीच नाही. मंगळवार-बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास पोहोचावे. डिसेंबरात तेथे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे अर्ध्या तासात दिवे लागताना पाहायला मिळतात, आणि ऑफिसातून सुटणारी गर्दी यायच्या आत आपले फिरून होते. माझे मत विचाराल तर प्रसिद्ध शहरांपेक्षा आपल्या विद्यापीठाच्या गावचा किंवा शेजारच्या खेड्यातला लहान बाजार अधिक चांगला. अशा ठिकाणी तो कधीकधी एकाच शनिवार-रविवारपुरता भरतो, गावची शाळा किंवा अग्निशामक दल स्टॉल लावते, पैसे गावच्या कामाला जातात आणि स्टॉलवरची माणसे थांबून बोलतात.

खिशात रोख पैसे असावेत, कारण पुष्कळ दुकानदार कार्ड घेत नाहीत. मसाले घालून गरम केलेली लाल वाइन, जिला ते ग्लूवाइन म्हणतात, तिचा वास सगळीकडे दरवळत असतो; न पिणाऱ्याने ‘किंडरपुन्श’ मागावे, ते फळांच्या रसाचे, मद्याविना असते आणि थंडीत हाताला तितकीच ऊब देते. कपासाठी काही युरो अनामत घेतली जाते व कप परत केला की ती मिळते. मात्र वर्षाचा आकडा छापलेला कप अनामत सोडून देऊन आठवण म्हणून ठेवण्याची रीत सर्रास दिसते. शाकाहारी विद्यार्थ्याने उपाशी राहण्याचे कारण नाही. साखरेत घोळून भाजलेले बदाम, भाजलेले चेस्टनट, आणि सफरचंदाच्या मुरंब्यासारख्या गरासोबत मिळणारी बटाट्याची तळलेली थालीपिठे, हे सगळीकडे असते. थालिपिठात बहुधा अंडे असते, मसालेदार लेबकूखेन या बिस्किटातही असू शकते, आणि श्टोलेन नावाच्या पिठीसाखरेने माखलेल्या पावातले बेदाणे पुष्कळदा रममध्ये भिजवलेले असतात; ज्यांना पथ्य आहे त्यांनी घेण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात कोणी वाईट मानत नाही.

खर्चाचा अंदाज आधी बांधावा. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बँक खात्यातून, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमधून, महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि त्यातूनच खोलीचे भाडे व विमा भागवायचा असतो, तेव्हा बाजारात चार फेऱ्या झाल्या की डाळ-तांदळावर गदा येते. दोन फेऱ्या खाण्यासाठी आणि बाकीच्या फक्त पाहण्यासाठी, असा मी नियम केला होता. नागपूर-गोंदियाकडे पारा दहाच्या खाली आला की आपण शेकोटीभोवती बसतो. तेथे शून्याच्या आसपास दोन तास उभे राहायचे असते, म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर, लोकरी मोजे आणि जाड तळाचे बूट कामाचे. थंडी पायांतून चढते. बर्लिनच्या बाजारात १९ डिसेंबर २०१६ रोजी ट्रक घुसवून हल्ला झाला, तेव्हापासून मोठ्या बाजारांभोवती काँक्रीटचे ठोकळे आणि पोलीस असतात. मोठी बॅग नेऊ नये, अडवली तर मुकाट्याने दाखवावी.

डिसेंबरात बाजारात, गोदामात आणि दुकानांत तात्पुरते काम मिळते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, त्यात हे दिवसही मोजले जातात.

दुसऱ्या नाताळाची, म्हणजे घरातल्या नाताळाची, तजवीज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करावी. जर्मन माणूस या दिवसांत परक्याला सहज बोलावत नाही. त्यामागे तुसडेपणा नसून हा वेळ कुटुंबाचा आहे ही समजूत असते, आणि तुमचेही कोठे ठरलेले असेल असे तो धरून चालतो. म्हणून वर्गमित्रांना, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना, घरमालकिणीला बोलता बोलता सांगून ठेवावे की मी सुट्टीत येथेच आहे. एवढे पुरते. याखेरीज जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ-शहरात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थी-मंडळे असतात. मागे राहिलेल्यांसाठी त्यांच्यापैकी अनेक मंडळे चोवीसच्या संध्याकाळी एकत्र जेवण ठेवतात आणि धर्म विचारत नाहीत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात चौकशी केली की पत्ता मिळतो. नाव आधी द्यावे लागते.

बोलावणे आले तर दिलेल्या वेळेवर पोहोचावे. आपल्या लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखी ती वेळ मागेपुढे सरकत नाही. आपण काय खात नाही ते चार दिवस आधी स्पष्ट कळवावे, कारण ताटावर बसल्यावर नकार दिला तर यजमानीण खरोखर दुःखी होते. चोवीसच्या रात्रीचे जेवण पुष्कळ घरी अगदी साधे असते, बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज. भाजलेल्या हंसाचा थाट पंचविसाला. काही घरी टेबलावर छोटी शेगडी ठेवून प्रत्येक जण आपापल्या ताटलीत चीज वितळवून बटाट्यांवर ओततो, त्याला राकलेट म्हणतात. शाकाहाऱ्याला यासारखे सोयीचे जेवण नाही. भेटी त्याच संध्याकाळी झाडाखाली दिल्या जातात, आणि मिळालेली भेट देणाऱ्यासमोर लगेच उघडायची असते. आपण भेट न उघडता बाजूला ठेवतो ती नम्रता. तेथे तसे केले तर आवडली नाही असा अर्थ निघतो.

चर्चमध्ये जायचे असेल तर चोवीस तारखेसारखा दिवस नाही. दुपारी मुलांचे येशूजन्माचे नाटक होते, संध्याकाळी प्रार्थना होते आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास शेवटची उपासना. वर्षभर रिकामे असलेले बाक त्या दिवशी भरतात, म्हणून अर्धा तास आधी जावे. मोबाइल बंद, टोपी हातात. कॅथलिक उपासनेत प्रसादासारखी भाकर वाटतात ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते; आपण जागेवर शांत बसावे, कोणी वळून पाहत नाही. दानाच्या पिशवीत नाणे टाकावे. शेवटी दिवे मालवून ‘श्टिले नाख्ट’ हे गीत गातात, जे १८१८ च्या चोवीस डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडोर्फ या खेड्यात पहिल्यांदा गायले गेले. पहिले कडवे पाठ करून जावे. सगळे चर्च गात असताना ओठ मिटून उभे राहणे फार जड जाते.

बोलावणे आले नाही, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपण बोलवावे. सुट्टीत मागे राहिलेले इराणी, नायजेरियन, व्हिएतनामी असे कोणी ना कोणी असतेच. येथे एक अनुभवाचा सल्ला आहे: पाटवड्यांचा रस्सा करावा. या मंडळींत कोणी डुक्कर खात नाही, कोणी गाय खात नाही, कोणी दूध-अंडे सोडलेले असते, कोणाला गहू चालत नाही. पाटवडीत यापैकी काहीच नसते. एक वाटी बेसनाला दीड ते दोन वाट्या पाणी, आले-लसूण-मिरचीच्या फोडणीत उकळून त्यात बेसन घोटावे, वाफ आणून तेल लावलेल्या ताटात थापावे आणि वड्या पाडाव्यात. रश्श्याला लागणारी खसखस तेथे निळसर-काळी मिळते, कारण तिकडे ती केकमध्ये घालतात. रंग गडद येतो, चव बिघडत नाही. मात्र मिरचीची फोडणी खिडकी उघडल्याशिवाय देऊ नये. धुराचा गजर वाजला तर अग्निशामक गाडी येते आणि तिचा खर्च अंगावर पडू शकतो. सणाच्या दिवशी शांततेचे नियमही कडक असतात, तेव्हा ब्लूटूथवरची गाणी बेताने वाजवावीत.

किराणा तेवीस तारखेपर्यंत भरून ठेवावा. चोवीसला दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. पंचवीस आणि सव्वीस दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या, आणि रविवारी दुकाने एरवीही बंदच. २०२६ मध्ये पंचवीस शुक्रवारी, सव्वीस शनिवारी आणि सत्तावीस रविवारी येते, म्हणजे सलग तीन दिवस. अगदी अडले तर मोठ्या रेल्वे स्थानकातली दुकाने उघडी सापडतात, भाव चढे असतात. औषधे आधी आणावीत.

घरी फोन करण्याची वेळ ठरवून ठेवावी. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून तेथे संध्याकाळी सहाला मेणबत्त्या लागतात तेव्हा गावात साडेदहा वाजलेले असतात; माय कापसाच्या वेचणीने थकून झोपलेली असते आणि बाबा, कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली तर, हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात असतात. दुपारी दोनला लावलेला फोन गावात साडेसहाला पोहोचतो. तीच बरी वेळ.

शिक्षण दुसऱ्या देशात असेल तर वेळापत्रक बदलते. ब्रिटनमध्ये पंचवीस तारखेला आगगाड्या जवळजवळ पूर्ण बंद असतात, तेव्हा मित्राकडे आदल्या दिवशीच जावे. जेवताना दोघांनी ओढून फोडायच्या कागदी नळ्यांतून निघालेला मुकुट न लाजता डोक्यावर घालावा. नेदरलँड्समध्ये मुलांचा भेटींचा दिवस पाच डिसेंबरचा, स्पेनमध्ये सहा जानेवारीचा. पोलंडमध्ये चोवीसच्या रात्री मासे चालतात पण मांस नसते, बारा पदार्थ करण्याची परंपरा आहे, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडतात. पोलिश वर्गमित्र असेल तर त्याला त्या ताटाविषयी विचारून पाहावे. जर्मनीचा निवास परवाना असला तर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, फिरता येते, ब्रिटनला मात्र वेगळा व्हिसा लागतो. परवाना अजून हातात आला नसेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नये, कारण ती कार्यालयेही या काळात बंद असतात आणि अडकलेल्याची दाद कोणी घेत नाही.

एकतीसच्या रात्री फटाके उडतात आणि दिवाळीची आठवण येते, फक्त जर्मनीत ते वर्षात याच वेळी विकले जातात. सहा जानेवारीच्या आसपास राजांचे वेश घातलेली मुले कागदी तारा घेऊन दारोदार गातात आणि गरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात. त्यांना चार नाणी आणि थोडा खाऊ द्यावा. जाताना ती चौकटीवर खडूने वर्षाचा आकडा आणि सी, एम, बी ही अक्षरे लिहितात. ख्रिस्ताने या घराला आशीर्वाद द्यावा, अशा लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरे आहेत. खोली सोडतेवेळी साफसफाई करताना ती ओळ पुसू नये; पुढच्या वर्षी तीच मुले येऊन बदलतात.